माझ्या पोटातल्या कुस्त्या

लॅपटॉपवर काम चालू असताना डाव्या तळहाताखाली बारीक किरकिर ऐकू येते ना, ती मी. मी हार्ड डिस्क बोलतेय, येळ्ळूरहून. तुम्ही ‘सेव्ह’ म्हणता आणि मोकळे होता, तेव्हा ते सगळं जिच्या गळ्यात पडतं, ती मी. लॅपटॉपचा चेहरा सगळे पुसतात, त्याला कव्हर घालतात. माझं तोंड दहा वर्षांत एकदाच कुणीतरी बघितलं, आणि त्या दिवशी आमच्या घरातले दोघे बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. ती हकिकत सांगायलाच बसले आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. धुळीचा एक कण आत येऊ द्यायचे नाहीत. धूळ म्हणजे मरण, असं माझ्या मनावर बिंबवलेलं. पुढं उभा जन्म आखाड्याची लाल माती पोटात घेऊन काढायचाय, हे कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी फिरायलाच नकार दिला असता.

येळ्ळूरच्या मष्णू आप्पांचा मुलगा आदर्श डिप्लोमाला गेला, त्या वर्षी बेळगावच्या एका दुकानातून आमचा लॅपटॉप घरी आला. मोटारसायकलवर, आदर्शच्या मांडीवर, उशीत गुंडाळून. आदर्शच्या आईनं, गुणाबाईंनी, तो देवापुढं ठेवून झाकण उघडलं आणि सढळ हातानं हळदकुंकू वाहिलं. त्यातलं चिमूटभर कळफलकाच्या फटीत गेलं, ते गेलंच.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. पाचशे जीबीची जागा म्हणजे मोकळा माळ. एका कोपऱ्यात आदर्शचे बांधकामाचे धडे, दुसऱ्या कोपऱ्यात गोव्याच्या सहलीचे फोटो, मधे चार-दोन सिनेमे. मी आरामात फिरायची. मग त्या माळावर आप्पा आले.

मष्णू आप्पा भाताचे शेतकरी, पण पंचक्रोशीत ओळख पैलवान म्हणून. दोन्ही कान कुस्तीत चेचून बटाट्यासारखे झालेले. तिशीत गुडघा निखळला आणि आखाड्यात उतरणं सुटलं. काठावर बसणं मात्र सुटलं नाही. कंग्राळी असो, कडोली असो, निपाणी असो, जिथं हलगी वाजेल तिथं आप्पांची मोटारसायकल हजर. एका वर्षी भात चांगलं पिकलं, तेव्हा त्यांनी घरात कुणाला न विचारता व्हिडिओ कॅमेरा आणला.

गुणाबाई म्हणाल्या, “लोकं भात विकून बायकोला बोरमाळ करत्यात.”

आप्पा म्हणाले, “बोरमाळ घातल्यावर कुस्ती दिसती व्हय गं?”

तेव्हापासून दर आठवड्याला कॅमेऱ्यातून माझ्या पोटात कुस्त्या यायला लागल्या. आप्पांची खोड अशी की कॅमेरा धरून त्यांना गप्प बसता येत नाही. त्यामुळं प्रत्येक व्हिडिओत पैलवान दिसतात दोन, पण ऐकू येतात एकटे आप्पा. “दाब, दाब त्येला! आरं, मान सोड, पट काढ की, पट! आरारारा…” पाय धरून ओढायच्या डावाला पट काढणं म्हणतात, हे मी ऐकून ऐकून शिकले. आता तर कुठल्या मैदानात कोण कुणाला भारी पडलं, ते मी झोपेतसुद्धा सांगेन.

माणसांची एक सवय मला आजवर कळलेली नाही. जपून ठेवायची हौस मोठी, पण नाव द्यायचा कंटाळा. आप्पांच्या फोल्डरांची नावं बघा: ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘हे बघायचं’, ‘सगळं’, ‘सगळं राहिलेलं’. पण कुठं काय आहे ते त्यांना बरोबर माहीत असायचं. अंधारात जशी आपल्या गोठ्यातली म्हैस ओळखावी, तसं.

आदर्श डिप्लोमा झाला, बेळगावात एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायला लागला. त्याची कामं मोठी झाली आणि माझ्यातली जागा संपत आली. पडद्यावर माझ्या नावापुढची निळी पट्टी लाल झाली. लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ लागायचा, की गुणाबाई मधल्या वेळात चहा करून आणायच्या.

“आप्पा, हे काय हाय?” आदर्श एकदा म्हणाला. “चाळीस मिनिटं दोघं डोक्याला डोकं लावून नुसते उभं हायत.”

“ती बरोबरीत सुटलेली कुस्ती हाय.”

“मग ठेवायची कशाला?”

“बरोबरीत सुटली म्हणून ते खेळलं न्हाईत व्हय रं?”

आदर्श तसा गुणी मुलगा. बापाशी भांडायचा नाही, पण बापाशी फारसं बोलायचाही नाही. जेवताना दोघं शेजारी बसत आणि दोघं गुणाबाईंशीच बोलत.

अशातच यंदा सौरवचं लग्न ठरलं. सौरव आमच्या मागच्या गल्लीतला, पूर्वीचा पैलवान, आता खानापूरच्या एका शाळेत खेळाचा मास्तर. नवरी रचना, कडोलीची, दवाखान्यात नर्स. मुलगी मोठी हजरजबाबी. दोघं पत्रिका द्यायला आले, तेव्हा तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ आप्पांनाच विचारलं, “मामा, हे सारखं सांगत असतात, निपाणीच्या मैदानात मोठ्या पैलवानाला चीतपट केलं म्हणून. खरं काय? आमच्या घरात कुणाचा विश्वास बसंना.”

सौरवचे कान लाल झाले. गडी आता थोडा सुटलेला होता, त्यामुळं शंका अगदीच गैर नव्हती.

“पोरी, मी स्वतः बघितलंय,” आप्पा म्हणाले. “आणि मी एकटा न्हाय, माझ्या कॅमेऱ्यानंबी. लग्नाच्या हॉलात मोठ्या पडद्यावर लावतो. समद्या कडोलीला दाखवतो. मष्णूचा शब्द.”

ती कुस्ती ‘सगळं राहिलेलं’ या फोल्डरात होती. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, काळजी नको आप्पा, जपून ठेवली आहे.

पुढच्याच बुधवारी घात झाला.

आदर्शला त्या आठवड्यात पहिल्यांदा एक अख्खं घर एकट्यानं आखायला मिळालं होतं. त्यासाठी एक नवीन सॉफ्टवेअर घालायचं होतं. तो घरूनच काम करत होता. मी म्हटलं, जागा नाही. त्यानं गोव्याचे फोटो, सिनेमे काढून टाकले, तरी मी म्हटलं, जागा नाही. मग त्याची नजर ‘सगळं राहिलेलं’वर गेली. त्यानं आप्पांना हाक मारली. आप्पा घरामागच्या परड्यात म्हशीला पाणी दाखवत होते.

“आप्पा, तुमच्या कुस्त्या पेनड्राइव्हवर घातलाय काय?”

“व्हय, घातलोय की! लग्नाला न्यायचं म्हणून परवाच घातलो.”

आदर्शनं खात्री म्हणून कपाटातला पेनड्राइव्ह लावला. त्यात ‘सगळं राहिलेलं’ नाव दिसलं. त्यानं उघडून बघितलं नाही. परत माझ्याकडं आला, फोल्डर निवडलं आणि कायमचं पुसायची दोन बटणं एकदम दाबली. ‘नक्की ना?’ असं मी विचारलं. मला तेवढंच विचारता येतं. तो हो म्हणाला.

आता घोळ काय झाला होता, ते सांगते. आप्पांनी पेनड्राइव्हवर घातलं होतं ते फोल्डर नव्हतंच. पडद्यावर त्या फोल्डरची वाट दाखवणारं जे छोटं चित्र असतं, शॉर्टकट म्हणतात त्याला, तेवढंच त्यांनी उचलून नेलं होतं. म्हणजे घर राहिलं जागेवर आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी गेली खिशात. त्या फोल्डरातल्या दोनशे बारा कुस्त्यांपैकी एकही पेनड्राइव्हवर नव्हती.

आणि माझी गोष्ट तर आणखीच विचित्र. पुसा म्हटल्यावर मी लगेच काही पुसत नाही. नोंदवहीतली नावं तेवढी खोडते आणि म्हणते, ही जागा आता मोकळी समजा. माल तिथंच असतो. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तसाच पडून राहतो. त्या दुपारी आदर्श त्याच जागेवर नवीन सॉफ्टवेअर उतरवून घेत होता. एकेक कुस्ती माझ्या डोळ्यांदेखत गाडली जात होती आणि मला ओरडता येत नव्हतं. मी किरकिर केली. आदर्श म्हणाला, “म्हातारी झाली ही.”

चारच्या सुमाराला आप्पांना सौरवची कुस्ती एकदा बघून घ्यावी असं वाटलं. त्यांनी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्ही म्हणाला, काही नाही. त्यांनी तो आदर्शकडं आणला. आदर्शनं उघडला आणि त्याचा चेहरा उतरला.

“आप्पा, ह्यात… ह्यात नुसता शॉर्टकट हाय.”

“असू दे. डब्यात हाय न्हवं मूळ?” लॅपटॉपला आप्पा डबाच म्हणतात.

“मी पुसलो. सकाळी.”

आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनड्राइव्ह खिशात घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि परत परड्यात गेले. पाणी पाजून झालेल्या म्हशीपुढं त्यांनी पुन्हा बादली ठेवली.

आदर्श घाबराघुबरा होऊन इंटरनेटवर उपाय शोधायला लागला. हे उतरव, ते उतरव. जे उतरवत होता ते नेमकं कुस्त्यांच्या उरावर बसत होतं! तेवढ्यात गुणाबाई आल्या. काय झालं ते त्यांना पुरतं कळलं नव्हतं. पण नवऱ्याचं तोंड त्यांनी बघितलं होतं.

“बंद कर आधी ते!” त्या म्हणाल्या आणि भिंतीतलं बटण खटकन बंद केलं. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. सगळं एका झटक्यात थांबलं. आदर्श म्हणाला, “आई, काय केलीस!” पण त्या माउलीनं काय केलं ते मला ठाऊक होतं. त्या एका खटक्यानं तिनं जवळजवळ दोनशे कुस्त्या वाचवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक मोटारसायकलवरून बेळगावला निघाले. मधे मी, कापडी पिशवीत. येळ्ळूर ते बेळगाव दोघांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. खड्डा आला की आप्पा मात्र मागं हात नेऊन पिशवी घट्ट धरायचे.

दुकान सुविधाताईंचं. निपाणीच्या. त्यांच्या आईनं तंबाखूच्या वखारीत राबून मुलीला इंजिनिअर केलं, आणि मुलीनं नोकरी सोडून हे दुरुस्तीचं दुकान थाटलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर उघडे पडलेले दहा-बारा लॅपटॉप. ताईंनी आदर्शचं सगळं शांतपणे ऐकलं.

“पुसल्यावर किती वेळ वापरलात?”

“अर्धा दिवस.”

“मग बंद कुणी केला?”

“आईनं. रागानं.”

“तुमच्या आईला माझ्या दुकानात पाठवा,” ताई हसून म्हणाल्या. “पुसल्यावर लगेच बंद करावं, एवढं शहाणपण इथं येणाऱ्या निम्म्या लोकांना नसतं.”

मग त्यांनी लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले आणि मला बाहेर घेतलं. दहा वर्षांनी मला उजेड दिसला. आप्पा पुढं वाकून बघायला लागले.

“एवढीशी?” ते म्हणाले. “एवढ्याशा डबीत एवढी मैदानं?”

कुणी आपल्याकडं असं बघितलं की बरं वाटतं हो.

ताईंनी मला एका वायरीनं आपल्या संगणकाला जोडलं आणि माझ्या कानाकोपऱ्यातून शोध सुरू केला. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात त्यांनी आदर्शला समजावलं, की जागेचं भांडण पुसून मिटत नाही, जागा वाढवावी लागते. टेबलावर त्यांनी एक काळी, चपटी, काडेपेटीहून थोडी मोठी वस्तू ठेवली. एसएसडी. हजार जीबी, माझ्या दुप्पट.

“हिच्या आत फिरणारं काहीच नाही, काका. म्हणून हिचा आवाज नाही आणि वेगही दहापट.”

आप्पांनी ती कानाला लावून हलवली. “आवाज न करणाऱ्या पैलवानावर माझा भरोसा न्हाय. कवा डाव टाकंल कळत न्हाय.”

“ते मात्र बरोबर बोललात,” ताई म्हणाल्या. “हिच्यातलं एकदा पुसलं की बहुतेक परत येत नाही. जुनी वेंधळी आहे, माल तसाच पडू देते, म्हणून आज तुमचं नशीब. इथून पुढं प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची. नवी हिच्या जागी बसवते. आणि डीव्हीडीचा कप्पा तुम्ही वापरत नाही, त्यात जुनीला बसवते. दोघी एकाच घरात राहतील.”

मला वाटलं होतं, आता भंगारात जायचं. सुविधाताई, तुमचं भलं होवो.

दुपारपर्यंत एकशे सत्त्याण्णव व्हिडिओ सापडले. पंधरा गेले ते गेले. पण सापडले त्यांची नावं नव्हती, नुसते आकडे. ताईंनी एक असाच उघडून बघितला. ‘आरं डोकं वर घे, डोकं!’ असा आप्पांचा आवाज दुकानभर घुमला आणि शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. आप्पांच्या चेहऱ्यावर चोवीस तासांत पहिल्यांदा रंग आला.

“निपाणीचं मैदान हाय का त्यात? सौरवचं?”

सात-आठ व्हिडिओ उघडल्यावर ते मिळालं. लाल मातीत कोवळा, सडपातळ सौरव आणि समोर त्याच्या दीडपट गडी. ताई एकदम खुर्चीत पुढं सरकल्या.

“अहो, हा तर आमचा स्वरूप! माझा धाकटा भाऊ!”

“म्हंजे? ह्योच तो पैलवान! ह्यालाच पाडलाय सौरवनं.”

“काय सांगता? तो तर घरी सांगायचा, बसमधून उतरताना घसरलो. पंधरा दिवस मी त्याच्या खांद्याला तेल चोळलंय!”

तिघंही पडद्याला चिकटले. नऊ मिनिटं झाली, दहा झाली. सौरव खाली वाकला, त्यानं स्वरूपचा पाय धरला. आप्पांचा आवाज टिपेला गेला, “पट काढलाऽऽ—”

आणि चित्र थिजलं. पुढं काही नाही. आदर्शच्या नव्या सॉफ्टवेअरनं नेमका तेवढा तुकडा खाल्ला होता.

ताईंनी चार प्रकारे प्रयत्न केले. काही होईना. आदर्श खाली मान घालून उभा राहिला. “आप्पा, चुकलं माझं,” एवढंच म्हणाला. आप्पा म्हणाले, “मी तरी शॉर्टकट उचललोच की. निघू या.”

निघताना सुविधाताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “लग्न कधी म्हणालात, काका? आणि हॉल कुठला?”

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. एकशे सत्त्याण्णव व्हिडिओंना नावं कोण देणार? आदर्शला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि आप्पांना टाइप करता येत नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी दोघं एका सतरंजीवर बसायला लागले. आदर्श व्हिडिओ लावायचा. दोन सेकंद झाले की आप्पा सांगायचे, “कंग्राळी. सतरा साल. जोड बघ, डावीकडचा परशराम, नंतर दुधाचा धंदा काढला त्यानं.” आदर्श टाइप करायचा.

पहिल्या दिवशी तो नुसता टाइप करत होता. दुसऱ्या दिवशी विचारायला लागला, हा खाली का बसला, त्यानं मान का धरली. तिसऱ्या दिवशी आप्पांच्या आधी तोच ओरडला, “आरं, पट काढ की!” आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. गुणाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “एक होता ते पुरं न्हवतं काय!”

चौथ्या दिवशी आप्पा धार काढायला गेले असताना आदर्शनं एकट्यानंच पुढचा व्हिडिओ लावला. सगळा काळोख. कॅमेरा बंद करायचा राहिलेला, पिशवीत पडलेला असावा. मोटारसायकलचा आवाज, मग गाडी थांबल्याचा. मग आप्पांचा आवाज, एकटाच, हळू.

“आदर्श, जरा डबा देतोस काय? न्हाय, असं नगो. आदर्श, बाळा, तुझं काम झालं असलं तर… झालंय काय काम? अर्धा तास पुरं. ह्या दोन कुस्त्या घालतो आणि लगेच देतो. व्हय. असं म्हणू या. तुझं काम झालं असलं तर, असं.”

मग गाडीला किक मारल्याचा आवाज.

आदर्शनं तो व्हिडिओ परत लावला. तिसऱ्यांदा लावला. मग त्यानं नाव टाइप केलं, ‘आप्पा, गाडीवर’, आणि तो स्वतःच्या फोल्डरात नेऊन ठेवला. आप्पा दुधाची चरवी घेऊन आले, तेव्हा त्यानं त्यातलं काही सांगितलं नाही. फक्त पडदा त्यांच्याकडं वळवला. नव्या एसएसडीवर त्यानं बरोबर निम्मी जागा वेगळी काढली होती आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आप्पांची जागा’.

“निम्मी?” आप्पा म्हणाले. “तुझं काम?”

“माझं मावतंय. आणि डबा मागायचा न्हाई आता. सरळ उचलायचा.”

आप्पांनी चरवी खाली ठेवायला जरा जास्तच वेळ घेतला.

लग्नाचा रविवार उजाडला. हॉलात दोन्हीकडची मंडळी, अक्षता पडल्या, पंगती बसायच्या होत्या. शब्दाप्रमाणं आप्पांनी लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडायला लावला. पुढचा तुकडा नाही, हे त्यांनी सौरवला आधीच सांगितलं होतं. तरी दाखवायचं ठरलं. शब्द तो शब्द.

कुस्ती सुरू झाली. हॉल शांत झाला, मग हळूहळू तापला. सौरवनं पाय धरला, आप्पांचा आवाज घुमला, “पट काढलाऽऽ—” आणि चित्र थिजलं.

कडोलीच्या बाजूनं हशा पिकला. रचना मुंडावळ्या सावरत उभी राहिली. “मामा, बरोबर पाडायच्या वेळेलाच लाइट गेली व्हय?” सौरव फेट्याखाली घामाघूम. आप्पा माइक धरून उभे. स्वतःच्याच साक्षीवर किती वेळा शपथ घेणार?

“पाडलंय त्यानं,” मागून कुणीतरी म्हणालं.

दारापाशी एक धिप्पाड माणूस उभा होता. शेजारी सुविधाताई. दोघं निपाणीच्या बसमधून नुकतेच उतरले होते. तो माणूस सरळ पुढं आला, आप्पांच्या हातातून माइक घेतला आणि पडद्यावरच्या थिजलेल्या गड्याकडं बोट दाखवलं.

“हा मी, स्वरूप. ह्यानं माझा पट काढला, मी उजव्या खांद्यावर आलो, आणि मग दोन्ही खांदे मातीला लागले. पंचानं शिट्टी मारायच्या आधी हलगीवाल्यानं हलगी वाजवली. घरी मी खोटं सांगितलं, पण इथं खोटं सांगणार नाही. चांगली कुस्ती होती. अशी माझी दुसरी झाली नाही.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. सौरव पाटावरून उठून आला आणि फेट्यासकट त्याच्या गळ्यात पडला. दोघांनी तिथंच गंमत म्हणून हात धरले, खांदे लावले. भटजी “अहो, धोतर सांभाळा!” म्हणत मागं सरले. रचना हसत हसत सासूच्या खांद्यावर टेकली आणि म्हणाली, “ठीक आहे, मानलं!” सुविधाताई भावाला ऐकवत होत्या, “पंधरा दिवसांचं तेल परत दे.”

आप्पांचा कॅमेरा घरी राहिला होता. ते खिसे चाचपत होते. आदर्शनं कधीच मोबाइल वर धरला होता, आणि चित्रण करताना तो गप्प बसला नाही. “मान सोडा, स्वरूपदादा! सौरव, पट काढ, पट!” ते सगळं त्याच संध्याकाळी नव्या एसएसडीवर गेलं, आणि त्याची नक्कल माझ्याकडं आली. त्याला नाव आहे, नीट, तारखेसकट.

आता मी डीव्हीडीच्या कप्प्यात असते. शेजारीण पहाटेच्या कोंबड्यासारखी झटकन उठते. गुणाबाईंचा मधला चहा बंद झाला, याचं मात्र आदर्शला वाईट वाटतं. मला रोज कुणी उठवत नाही. दर रविवारी नवं ते माझ्याकडं उतरवून ठेवतात, तेवढं मी फिरते आणि परत निजते. म्हातारपणी एवढं काम पुष्कळ झालं.

तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पुसायच्या आधी, ते ज्याचं आहे त्याला बोलावून दाखवा, नुसती परड्यात हाक मारू नका. आणि जागा कमी पडली तर जागा वाढवा. माणसांवर चिडू नका.

माझं काय, आज आहे, उद्या फिरायची थांबेन. सुविधाताई परवा घरी आल्या होत्या, तेव्हा आप्पांनी त्यांना विचारलं, ही मेल्यावर हिचं काय करायचं? ताई म्हणाल्या, आतली चकती आरशासारखी लखलखीत असते, फेकू नका. गुणाबाई लगेच म्हणाल्या, “द्या मला. सुतळीला बांधून भातात टांगते, पाखरं येणार न्हाईत.”

मला ते पसंत आहे. येळ्ळूरचा वारा चांगला आहे म्हणतात. भातात दाणा भरेल, वर ऊन असेल, आणि मी पुन्हा गरगर फिरत असेन. या वेळी कुणाचं काही लिहून घ्यायचं नसेल. पाखरांना तेवढं हाकलायचं, आणि बांधावरून आप्पा ओरडले, की त्यांचा आवाज नुसता ऐकायचा.